पाटावरून उठायचं नाही

“काकू, डोळ्यात गेलं!”

“डोळे मीट म्हटलं होतं ना तुला? मीट आता. आणि तोंडही मीट, नाहीतर उटणं खाशील.”

पराग खुदकन हसला आणि त्याच्या तोंडात उटणं गेलंच. मग थू थू, मग चूळ, मग परत हसणं. नरकचतुर्दशीची पहाट, न्हाणीत बंबाचा धूर कोंडलेला, दाराबाहेर माझ्या दोघी पोरी, वैजू आणि पमी, फुलबाज्या पेटवायला टपून उभ्या. मी त्या पोराच्या पाठीला तेल चोळत होते. बार्शीतल्या आमच्या घरी ही पहिलीच वेळ.

दरवर्षी त्याला तेल नलू लावायची. नलू म्हणजे माझी धाकटी जाऊ, त्याची आई. मी न्हाणीच्या दाराशी तांब्या घेऊन उभी राहायची आणि पाणी फार कढत तर नाही ना, एवढं विचारायची. कामाला ठेवलेल्या बाईसारखी. त्या वर्षी मात्र ती आतल्या खोलीतून म्हणाली, “अक्का, बाळ पितंय हो. परागला तुम्हीच घालता का आंघोळ?”

घालता का, म्हणे! मी तर बाई धावतच गेले.

आता सांगूनच टाकते, उगीच कोड्यात कशाला बोलायचं? अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त त्या पोराला ठाऊक नव्हतं. पराग माझा. माझ्या पोटचा.

नलूचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. प्रभाकरभावजी चिंचवडला कारखान्यात नोकरीला, शेंडेफळ, आमच्या सासूबाईंचा जीव की प्राण. मला सातवा महिना होता तेव्हा आत्याबाई, सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, जेवायला वाढता वाढता म्हणाल्या, “मुलगी झाली तर तुझी. मुलगा झाला तर नलूचा.” जसं काही दुकानातलं कापड फाडून वाटायचंय! मी ह्यांच्याकडे बघितलं. आमचं शिंप्याचं घर, पुढच्या खोलीत दुकान. गिऱ्हाइकाशी तासभर बोलतील, पण आईसमोर ह्यांच्या तोंडाला कायमची टीप मारलेली. म्हणाले, “आई म्हणते ते ऐकू. आपल्याला काय, होईल की अजून एक.”

नाही झाला. त्या बाळंतपणात माझं असं काही बिघडलं की डॉक्टरांना पिशवीच काढून टाकावी लागली. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाळणा चिंचवडला गेलेला होता. दूध मात्र माझ्यापाशीच राहिलं होतं. त्याचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही.

पुढं पोरगं दिवाळीला दिवाळीला यायचं. पहिल्यांदा ‘काकू’ म्हणायला त्याला आत्याबाईंनीच शिकवलं, माझ्यासमोर, माझ्याकडे बोट दाखवून.

आणि आता नलूला स्वतःचा मुलगा झाला होता. गोरागोमटा, पाचेक महिन्यांचा. आत्याबाईंनी साखर वाटली होती गल्लीत. परागच्या वेळी वाटली नव्हती.

“काकू,” डोळे घट्ट मिटून पराग म्हणाला, “आई म्हणते मी आता मोठा झालो. मोठी मुलं बाहेरच्या खोलीत झोपतात.”

“तू झोपतोस?”

“हो. एकटा. घाबरत पण नाही.” मग जरा थांबून, “थोडा घाबरतो.”

सहा वर्षांचं पोर ते. मी त्याच्या अंगावर तांब्या ओतला, पोरींनी दाराबाहेर फुलबाज्या पेटवल्या, मी त्याला ओवाळलं. मग उंबऱ्याशी चिराटं, म्हणजे कारीट, ठेवलं आणि म्हटलं, “डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोड. जोरात.” त्यानं असं काही फोडलं की बिया थेट आत्याबाईंच्या लुगड्यावर उडाल्या. “मेल्या!” त्या ओरडल्या. वैजू आणि पमी खिदळत पळाल्या. मीही हसले. सणाच्या दिवशी त्या घरात मी मनापासून कधी हसले असेन तर त्याच पहाटे.

त्याला पुसून कपडे काढायला मी त्याची पिशवी उघडली. वर दोन सदरे होते, जुनेच. नवा कपडा एक नाही. दरवर्षी पुण्याचे रेडिमेड कपडे असायचे, ह्यांना खिजवायला आणल्यासारखे. मी खाली हात घातला. हाताला लोकर लागली. स्वेटर. त्याखाली अजून एक स्वेटर, कानटोपी, चार चड्ड्या, शाळेचा गणवेश, पाटी, पुस्तकं, आणि तळाला कागदात गुंडाळलेला त्याचा चांदीचा वाळा, बारशातला.

चार दिवसांच्या दिवाळीला आलेल्या पोराच्या पिशवीत कानटोपी कशाला?

मला कळायचं ते कळलं. तिथंच भिंतीला टेकून बसले. आनंद झाला म्हणू का? झाला. खोटं कशाला बोलू? देवापाशी दुसरं काही मागितलंच नव्हतं मी. पण त्या आनंदाला कडू वास होता. नको झालेली वस्तू परत आणून द्यावी तसं त्या पिशवीत सगळं घड्या घालून भरलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आत्याबाई वाती वळत ओसरीवर बसल्या होत्या. नलू चुलीपाशी एकटी सापडली. मी सरळच विचारलं.

“परागला ठेवून जाणार आहेस?”

तिच्या हातातला झारा थांबला. करंजी तेलात लाल होत चालली.

“आत्याबाईंनी सांगितलं तुम्हाला?”

“पिशवीनं सांगितलं. करंजी काढ, जळतीय.”

तिनं करंजी काढली. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “दोघं नाही झेपत हो अक्का. ह्यांची रात्रपाळी असते. बाळ रात्रभर रडतं, आणि पराग दिवसभर माझ्या मागं मागं. बाळाला हात लावू का, बाळाला हात लावू का! आत्याबाई म्हणाल्या, ज्याचं त्याला दे. तुमचंच आहे की ते, अक्का. तुमचं तुम्हाला.”

“तेव्हा माझं नव्हतं, गं? ओल्या बाळंतिणीच्या कुशीतून उचलून नेलंस तेव्हा?”

तिनं दुसरी करंजी तेलात सोडली. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. सहा वर्षांचं साठलेलं होतं. पण मी तोंड आवरलं, कारण मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि भांडून ती मिळाली नसती.

“हे बघ नलू. मी त्याला ठेवून घेते. पायघड्या घालून ठेवून घेते. पण तू त्याला सांगायचं. तू स्वतः, त्याला जवळ घेऊन. कुणी जन्म दिला, कुणी वाढवलं, सगळं. त्याला असं वाटता कामा नये की नवीन बाळ आलं आणि जुनं टाकून दिलं. माझ्याकडे तो सांगूनसवरून आला पाहिजे. टाकलेला म्हणून नको.”

“सांगते.”

“कधी?”

“आज रात्री सांगते.”

त्या रात्री पूजा झाली, फटाके झाले, पोरं झोपली. नलूनं सांगितलं नाही. पाडव्याला म्हणाली, उद्या. मी तिला देवघरापुढं उभी केली.

“बाळाची शपथ घे. त्याला सांगितल्याशिवाय बार्शी सोडणार नाहीस.”

“अक्का, बाळाची कशाला...”

“घे म्हणते ना!”

तिनं घेतली. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. “भाऊबिजेला रात्री सांगते. आपण दोघी मिळून सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघू.” एवढं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते. मी विश्वास ठेवला.

पाडव्याच्या दुपारी दुकान बंद होतं. मशीन मोकळं. मी उरलेल्या कापडांचं गाठोडं सोडून परागसाठी एक निळं चौकडीचं कापड काढलं. शिंप्याच्या घरातली पोरं सणाला सगळ्यात शेवटी नटतात, गिऱ्हाइकांचं उरकल्यावर. माझ्या पोरींच्या फ्रॉकना हुक लागले तेच मुळी आदल्या दिवशी. परागला मी समोर उभं केलं आणि माप घ्यायला टेप काढली. गंमत बघा, सहा वर्षांत त्या पोराचं माप घ्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. खांदा, छाती, बाही. पाठीवर टेप धरली तेव्हा ती हाडं अगदी ह्यांची. डाव्या खांद्याला जरासा उतार, तोही ह्यांचाच.

“काकू, मोठा शिव.”

“का रे? आत्ता घालायचाय ना?”

“मोठा शिव म्हणजे पुढच्या दिवाळीला पण होईल. आईला नवीन आणायला नको.” मग पमीकडे बघून हळूच, “आईला बाळाचं खूप असतं ना.”

मी बाह्या आत दुमडून ठेवल्या, खाली चांगली चार बोटं कापड दुमडलं. तो मशीनपाशी उभा राहून चाक फिरवायला मदत करत होता. मध्येच म्हणाला, “या वर्षी पमीताई मला बसवून ठेवणार नाही ना?”

हे जरा सांगायला हवं. आमच्या घरात भाऊबिजेची एक रीत होती. दुसरीकडे मी कुठं पाहिली नाही. आत्याबाईंच्या माहेरची असावी. भाऊ पाटावर बसला, बहिणीनं ओवाळलं, की बहीण “ऊठ दादा” म्हणेपर्यंत भावानं पाटावरून उठायचं नाही. न सांगता उठला तर बहिणीला इजा होते. भाऊ लहान असला तरी त्या दिवशी ‘दादा’च म्हणायचं. पोरी त्याची चेष्टा करायच्या. आदल्या वर्षी पमीनं त्याचे सगळे भुईनळे कबूल करून घेतले तेव्हा कुठं त्याला “ऊठ” म्हटलं. तोवर बिचारा पाय आवळून बसला होता, लघवीला लागली म्हणून. आम्ही सगळे हसत होतो. पण तो उठला नाही. कारण त्याच्याही आदल्या वर्षी तो तसाच उठून पळाला होता, आणि त्याच संध्याकाळी पमी पायरीवरून पडून तिच्या हनुवटीला टाके पडले होते. आत्याबाई त्याला म्हणाल्या होत्या, “बघ, तू उठलास ना? बघ आता.” चार वर्षांच्या पोराला असं सांगतात का कुणी! ते त्यानं मनात धरून ठेवलं होतं. पमीच्या हनुवटीवरच्या वणाकडे तो अजून असा अपराधी बघायचा.

“नाही बसवणार,” पमी म्हणाली. “पण मला तुझा मातीचा मावळा पाहिजे. किल्ल्यावरचा.”

“घोड्यावरचा नाही देणार. तोफेवाला देतो.”

“घोड्यावरचा!”

“बरं,” पराग म्हणाला. त्याचं सगळ्याला ‘बरं’च असायचं.

भाऊबिजेला सकाळपासून आत्याबाई गोड बोलत होत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, “तू सर बाजूला. पुऱ्या मी तळते. तू पोरांपाशी थांब, ओवाळणं नीट होऊ दे. तुझीच पोरं आहेत तिन्ही.”

तुझीच पोरं तिन्ही! त्या तोंडून! मला वाटलं, म्हातारीच्या मनाला पाझर फुटला. हात धुऊन मी मधल्या खोलीत गेले.

वैजूनं पाटाभोवती रांगोळी काढली होती. परागनं नवा सदरा घातला होता, बाह्या दुमडलेल्या, तरी मनगटावर येत होत्या. त्याचं तोंड पूर्वेला, देवघराकडे. पाठ दाराकडे.

“आई कुठाय?” त्यानं विचारलं. “आई बघायला नाही येणार?”

“बाळाला झोपवतीय,” आत्याबाई दारातून म्हणाल्या. “आणि नीट मांडी घाल. दोघी ओवाळून ‘ऊठ’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे, आजी.”

वैजूनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजनानं ओवाळलं. तोंडात साखर घातली. परागनं खिशातून वासाचं खोडरबर काढून तिच्या ताम्हणात टाकलं. त्याच्याजवळचं सगळ्यात भारी ते तेच होतं. दरवर्षी ताम्हणात टाकायला नलू त्याच्या हातात काहीतरी द्यायची, रिबिनी, क्लिपा. या वर्षी तिला सुचलं नव्हतं.

मग पमी बसली. पमीचं सगळं सावकाश. कुंकू नाकावर सांडलं, ते पुसलं, पुन्हा लावलं. आणि ती ताम्हण उचलणार एवढ्यात मला मागच्या अंगणातून बाळाचं रडणं ऐकू आलं. आत झोपलेलं बाळ अंगणात कसं?

लगेच टांग्याचे घुंगरू.

मी उठले. पोरींना काही न बोलता स्वयंपाकघरातून मागच्या दारानं गेले. कढई चुलीवरून उतरवलेली. पुरी एक तळलेली नाही. बोळाच्या तोंडाशी टांगा उभा होता. नलू वर बसलेली, बाळ पदराखाली. भावजी चढत होते. आणि हे, माझे मालक, त्यांची ट्रंक टांग्यात ठेवत होते.

“नलू!”

तिनं वळून बघितलं नाही. पदर अजून पुढं ओढला.

“नलू, शपथ घेतली होतीस! बाळाच्या डोक्यावर हात ठेवून! अगं, सांगून तरी जा! दोन शब्द सांग त्याला, मग जा, मी अडवते का तुला?”

भावजी खाली बघत टांगेवाल्याला म्हणाले, “चला.”

मी धावले असते. चाकाखाली पडले असते. पण ह्यांनी माझा दंड धरला. आयुष्यात आईपुढं कधी तोंड न उघडलेला माणूस, माझा दंड असा धरला की हाताला वळ उठले.

“तमाशा नको,” हे म्हणाले. “गल्ली बघतीय.”

“गल्ली सहा वर्षं बघतीय! सोडा मला.”

“अगं, रडारड झाली असती. गेला असता पोरगा टांग्यामागं पळत. आई म्हणाली, तो पाटावर असताना निघालेलं बरं. तिथून तो काही उठत नाही.”

मला आधी कळलंच नाही हे काय बोलतायत. मग कळलं. त्या पोराचा भाबडेपणा, बहिणीच्या हनुवटीसाठी आवळून धरलेले ते इवलेसे पाय, ह्यांनी त्याचाच दोर केला आणि त्याला बांधून ठेवलं.

टांगा वळणावर गेला. आत्याबाई मागच्या दारात उभ्या होत्या.

“पोर पाहिजे होतं ना तुला?” त्या म्हणाल्या. “मिळालं की. आता कशाला ऊर बडवतीस?”

मी त्यांना काय बोलले ते इथं सांगत नाही. त्या घरात त्यांना तसं कुणी कधी बोललं नव्हतं. मरेपर्यंत त्यांनी ते मनात ठेवलं, आणि मी त्यांची शेवटची आजारपणं काढली तरी त्यातला एक शब्द परत घेतला नाही. घेणारही नाही.

हात झिडकारून मी आत आले.

मधल्या खोलीत तिघंही तशीच होती. पमीचं ओवाळून झालं होतं. तिच्या मांडीवर मातीचा घोडेस्वार, एक कान तुटलेला. निरांजन रांगोळीशेजारी ठेवलेलं. पराग मांडी घालून ताठ बसलेला, कपाळावर कुंकू, तोंड देवघराकडे. वैजू दहा वर्षांची, तिला बाहेरचं सगळं ऐकू गेलं होतं. ती रडायच्या बेतात आली होती. पमी तोंड उघडून “ऊठ दा...” म्हणायला लागली तशी वैजूनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

का ठेवला, ते मी तिला अजून विचारलेलं नाही. तो जोवर पाटावर बसलाय तोवर त्याला काही कळायचं नाही, असं वाटलं असेल तिला. मलाही तसंच वाटत होतं. मी त्याच्यासमोर जाऊन बसले.

“काकू,” त्यानं विचारलं, “आई गेली ना?”

मी निरांजन बाजूला सरकवलं.

“घुंगरू ऐकू आले मला. बाळ पण रडलं. ते आमचंच बाळ होतं, मला त्याचा आवाज ओळखू येतो.” त्याचा खालचा ओठ थरथरत होता, पण मांडी मोडलेली नव्हती. हात गुडघ्यावर, बोटं पांढरी पडलेली. “मला पळत जायचं होतं. पण पमीताईनं ओवाळलं नव्हतं अजून. मी उठलो असतो तर तिला परत लागलं असतं.”

पमीनं तेव्हा हंबरडा फोडला. “ऊठ दादा! ऊठ! ऊठ ना रे! मला नाही लागणार!”

“वैजूताईनं पण म्हणायला पाहिजे,” तो म्हणाला.

“ऊठ दादा,” वैजू म्हणाली.

तो उठला. पळत मागच्या दारापर्यंत गेला, बोळात गेला, कोपऱ्यापर्यंत गेला. मी मागं गेले. रस्त्यावर काही नव्हतं. फुटलेल्या फटाक्यांचा लाल कागद, आणि घोड्याची ताजी लीद. तो तिकडे बघत उभा राहिला. मी त्याला जवळ ओढलं. आलाही जवळ. अंग लाकडासारखं.

मला वाटलं, आता लपवून काय राहिलंय? नलूनं सांगायचं ते तिनं नाही सांगितलं. मग मीच सांगते. त्याला निदान एवढं तरी कळू दे की तो परक्या दारात टाकलेला नाही. मी रस्त्यातच गुडघ्यावर बसले, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

“पराग, माझ्याकडे बघ. तुला कुणी टाकलेलं नाही. तू माझा आहेस. माझ्या पोटातून आलास तू. वैजू आणि पमी तुझ्या सख्ख्या बहिणी. नलूला तेव्हा बाळ नव्हतं म्हणून तू तिच्याकडे होतास. मी तुझी आई आहे रे. मी. कळलं का तुला?”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. मी वाट बघत होते. सहा वर्षं वाट बघत होते मी त्या एका शब्दाची. सदऱ्याची डावी बाही सुटून त्याच्या हातावर लोंबत होती. त्यानं ती नीट वर दुमडली, रस्त्याकडे पुन्हा एकदा बघितलं, आणि म्हणाला,

“बरं, काकू.”

आज तो चाळिशीच्या पुढं आहे. दुकान तोच चालवतो. माझं पथ्यपाणी बघतो, गुडघ्यांना तेल लावून देतो, आत्तासुद्धा बाहेरून हाक मारून गेला, औषध घेतलं का म्हणून. घेतलं रे, म्हटलं मी. काकूच म्हणतो अजून.